घरांतील आवाजाची खोली

निफाड तालुक्यांतील सायखेडा हें गोदाकांठचें गांव. पलीकडे चांदोरी, भोंवतीं द्राक्षांचे नि कांद्यांचे मळे. अशा ठिकाणीं घरीं बसून मुंबईच्या माहितीपटास किंवा बोलक्या पुस्तकास आवाज देतां येईल काय? खुशाल येईल. १९२७ साली मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हां बोलणाऱ्यास केंद्रापर्यंत जावें लागे. आज संगणक, ध्वनिग्राहक व त्या दोहोंस जोडणारी लहानशी पेटी एवढ्या सामग्रीवर तेंच काम घरीं होतें. ध्वनिमुद्रणाची 'ऑडॅसिटी' ही प्रणाली तर २००० सालापासून फुकट मिळते.

मात्र हौशी माणूस सारा पैसा यंत्रावर घालतो आणि खोलीकडे पाहत नाहीं. शहाबादी फरशी, गुळगुळीत गिलावा, वर पत्रा. शब्द उच्चारावा तों तो चहूंकडून आपटून परत येतो. हार्वर्ड विद्यापीठाचें एक व्याख्यानगृह १८९५ साली याच दोषानें निकामी ठरलें होतें. शब्द तेथें सुमारें साडेपांच सेकंद घुमे. वॉलेस सेबाइन या तरुण अध्यापकानें जवळच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं आणवून मांडल्या, आणि गाद्या वाढतात तसतसा घुमारा किती घटतो हें मोजलें. ध्वनिशास्त्राची एक शाखाच त्यांतून उभी राहिली. गाद्या-गोधड्यांस आपल्या माळ्यावर तोटा नाहीं! बाजारांतील पातळ फोम केवळ बारीक आवाज शोषतो. भिंतीपासून चार बोटें सोडून टांगलेली जाड गोधडी त्याहून बरी. कपड्यांनीं भरलेलें उघडें कपाट पाठीशीं असल्यास उत्तमच.

ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर, किंचित् बाजूस ठेवावा, म्हणजे 'फ', 'भ' यांचा फुंकर त्यावर आदळत नाहीं. अंतर दुप्पट केलें कीं मूळ आवाज सहा डेसिबलनें उतरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. कंडेन्सर जातीचा ध्वनिग्राहक नाजूक आवाजही टिपतो. पण त्यास बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, आणि शेजारची मोटारही तो टिपतो. अशा घरांत साधा डायनॅमिकच घ्यावा, असें माझें मत आहे. प्रथम कोणीही न बोलतां अर्धा मिनिट मुद्रण करून ऐकावें. पंखा, फ्रीज, पंप, कुत्रें अशी घरची सारी मंडळी त्यांत हजर असते!

खरी अडचण निराळीच. पुरुषानें 'काम चालू आहे' म्हटलें कीं घर गप्प होतें. सुनेनें म्हटलें तर मध्येंच चहाचें आधण कोण ठेवणार, असा प्रश्न दारांतून येतो. तिचा आवाज कितीही चांगला असो, रोजचा एक अखंड तास घरानें तिच्या नांवें लिहून दिल्यावांचून ही खोली अडगळीचीच होईल. आणि खोली शक्य तों माडीवर असावी. २०१६ व २०१९ च्या ऑगस्टांत गोदावरी सायखेड्यांत शिरली होती.