काचेमागचे रंग

काच रंग पीत नाही. कागद किंवा माती रंग शोषून घेते, काचेवर मात्र तो नुसता वर चिकटून बसतो. म्हणूनच घरच्या घरी काच रंगवताना पहिली काळजी घ्यायची ती स्वच्छतेची. लोणच्याची रिकामी बरणी, जुन्या तसबिरीची काच, फ्रेमवाल्याकडे उरलेला तुकडा, काहीही चालते. साबणाच्या पाण्याने धुऊन ती कोरडी करावी आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी. नंतर काच फक्त कडेने धरावी. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तर नेमका तिथलाच रंग पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. तुकड्याच्या धारदार कडा फ्रेमवाल्याकडूनच घासून घेतलेल्या बऱ्या.

बाजारात पाण्यात मिसळणारे आणि थिनरवर आधारलेले असे दोन प्रकारचे ग्लास कलर मिळतात. दुसऱ्या प्रकाराला उग्र वास असतो आणि तो पेटही घेतो. त्यामुळे घरात मुले असतील, तर पाण्याचेच रंग घ्यावेत. नक्षीचा कागद काचेखाली ठेवून ट्यूबमधल्या लाइनरने रेषा काढतात. ही उंच रेषा शेताच्या बांधासारखी रंग अडवते. ती कुठे तुटली, की रंग शेजारच्या पाकळीत शिरतो. रेषा वाळल्यावर ब्रशने घासून न लावता रंगाचे थेंब सोडावेत आणि टोकाने कडेपर्यंत पसरावेत. बुडबुडे ओले असतानाच सुईने फोडावेत. काच सपाट जागी एक दिवस तरी हलवू नये. बरणी असेल, तर आडवी ठेवून एकेक बाजू रंगवावी.

सर्वांत देखणा आणि टिकाऊ प्रकार म्हणजे काचेच्या मागून रंगवलेले चित्र. ही पद्धत अठराव्या शतकात चिनी चित्रकारांबरोबर भारतात आली आणि भोसले राजांच्या तंजावरातही रुजली. यात सगळा क्रम उलटा असतो. एरवी शेवटी येणारे डोळे, दागिने, बारीक रेषा येथे आधी काढायच्या, त्यांवर कपड्यांचे रंग आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. एकदा वरचा थर चढला, की आधीची चूक दुरुस्त करता येत नाही. चित्राची डावी-उजवी बाजूही बदलते, त्यामुळे ‘शुभ लाभ’ लिहायचे तर अक्षरे उलटी काढावी लागतात.

पारदर्शक रंग वापरले असतील, तर मागे स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा फॉइल लावावा. तो आधी हलक्या हाताने चुरगळून पुन्हा सपाट करावा. प्रत्येक सुरकुती वेगळा प्रकाश परतवते आणि साध्या हिरव्या पानालाही मिन्याची झाक येते. इतक्या थोड्या खर्चात एवढा उठाव दुसरा कोणताही उपाय देत नाही.

हे रंग शोभेसाठीच आहेत. पेल्याच्या ओठाला लागणाऱ्या भागावर किंवा ताटलीच्या आतल्या बाजूला ते लावू नयेत. रंगवलेल्या बरणीत पणतीऐवजी एलईडी दिव्यांची माळ सोडावी. मागून रंगवलेले चित्र फ्रेममध्ये बसवल्यावर पुढून ओल्या फडक्याने खुशाल पुसता येते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रे आहेत. हे काम हाती घेण्यापूर्वी ती जवळून पाहून यावीत.