हुरूप येतो, चेव चढतो, उमेद खचते

मराठीत हुरूप कुणी करत नाही, तो येतो. ‘मी हुरूप केला’ असं वाक्य आपल्या तोंडून चुकूनही निघणार नाही. ‘मला हुरूप आला’, ‘पोरांना चेव आला’, ‘गड्याच्या अंगात वारं शिरलं’ असंच आपण म्हणतो. या वाक्यांत कर्ता कोण, हे जरा थांबून पाहा. येणारा हुरूप, येणारा चेव, शिरणारं वारं! माणूस आहे तो चतुर्थीत नाहीतर षष्ठीत. भूक लागते, झोप येते, ताप चढतो, त्याच चालीवर चेव चढतो आणि स्फुरणही चढतं. हे व्याकरण आपण शाळेत जायच्या आधीच शिकलेलो असतो, आणि त्यात माणसाच्या मनाबद्दलची केवढी मोठी जाण दडलेली आहे!

पण सगळेच शब्द या चालीचे नाहीत. धडाडी ‘येत’ नाही, ती असते. तडफही असते. तालुक्याला नवीन अधिकारी आली की लोक म्हणतात, बाई तडफदार आहे. कुणी तिला शाबासकी दिली म्हणून तिच्यात तडफ आली, असं कुणी म्हणत नाही. उलट, वर्गात मागे बसणाऱ्या मुलाच्या वहीवर बाईंनी ‘छान’ असा शेरा दिला आणि पुढचे चार दिवस त्याचा अभ्यास सुधारला, तर तो हुरूप. हुरूप बाहेरून मिळतो आणि तो देणारं माणूस लागतं. धडाडी स्वभावात मुरलेली असते, चेव क्षणाचा असतो, जिद्द वर्षानुवर्षं टिकते. शब्दकोशात हे सगळे एकमेकांच्या अर्थाला सापडतील, पण बोलणारा त्यांची अदलाबदल करत नाही.

या सगळ्यांत वडीलधारा शब्द ‘उत्साह’. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाच्या मुळाशी एक स्थायी भाव सांगितला आहे. शृंगाराच्या मुळाशी रती, करुणाच्या मुळाशी शोक, आणि वीररसाच्या मुळाशी राग नव्हे, शौर्यही नव्हे, तर उत्साह. आज आपण सहलीच्या आदल्या रात्रीच्या गडबडीला जो शब्द वापरतो, तो मुळात वीराचा भाव आहे. त्याचा धातू ‘सह्’, म्हणजे सोसणं, पुरून उरणं. ‘सहन’ त्याच धातूचं, ‘साहस’ही त्याच कुळातलं. सोसणारा, धाडस करणारा आणि उत्साहानं उठणारा, तिघांचं मूळ एकच निघावं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

कौटिल्यानं तर उत्साहाला राज्याच्या हिशेबात धरलं. राजाच्या तीन शक्ती: मंत्रशक्ती, प्रभुशक्ती आणि उत्साहशक्ती. म्हणजे सल्लामसलतीचं बळ, खजिना आणि सैन्य यांचं बळ, आणि पराक्रमाचं बळ. जुने आचार्य म्हणत, साधनांपेक्षा राजाचा उत्साह मोठा. कौटिल्याला हे पटलं नाही. उत्साहापेक्षा साधनं श्रेष्ठ आणि साधनांपेक्षा मसलत श्रेष्ठ, असा क्रम त्यानं लावला. उत्साहाचं मोल जाणूनही त्याला पहिलं आसन न देणारा हा माणूस फार बारकाईनं पाहणारा असला पाहिजे.

फारसीतून आलेल्या ‘जोश’ची कथा वेगळीच. तिथे जोश म्हणजे उकळी. युनानी वैद्यकातल्या काढ्याला ‘जोशांदा’ म्हणतात तो याच शब्दावरून. आणि मराठीचं नवल असं, की जोशचा मूळ अर्थ ठाऊक नसतानाही तिनं उत्साहाची सगळी भाषा चुलीपाशीच जमवली आहे. आनंदाच्या उकळ्या फुटतात. उत्साह उतू जातो. आणि मग कुणीतरी येऊन नको ते बोलतं आणि उत्साहावर विरजण पडतं. विरजण चमचाभरच असतं, पण पातेलंभर दुधाचं दूधपण घालवतं. लग्नघरातला एका माणसाचा एक शेरा काय करू शकतो, हे याहून नेमकं कसं सांगणार?

‘उमेद’ही फारसीच. तिकडे तिचा अर्थ आशा. मराठीत येता येता तिच्यात कामाची तयारी मिसळली. ‘उमेदीची वर्षं’ म्हणजे अंगात काही करून दाखवायची ताकद असलेली वर्षं. निवडणुकीतला उमेदवार मुळात आशा धरून असलेला माणूस. पण ‘उमेदवारी करणे’ म्हणजे एखाद्याच्या हाताखाली राहून धंदा शिकणं, हाही मराठीतलाच अर्थ. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला, ज्यात गावोगावचे महिला बचत गट येतात, ‘उमेद’ हेच नाव दिलं गेलं. फार योग्य नाव आहे ते. परके शब्द बाजूला सारू पाहणाऱ्या सावरकरांच्या भाषाशुद्धीनं तारखेला ‘दिनांक’ आणि मेयरला ‘महापौर’ दिला, आणि ते रुजलेही. पण उमेद, हौस, जोर, जिद्द आपल्या जागेवरून हलले नाहीत. हौस तर इतकी आपली झाली, की जत्रेला येणाऱ्यांची वर्गवारी आपण हौशे, नवशे, गवशे अशी तिच्यापासूनच सुरू करतो.

समुद्राकाठच्या माणसाला उत्साहाचा आणखी एक शब्द रोज दिसतो: उधाण. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकवटते आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर केले जातात, कारण त्याच वेळी मोठा पाऊस झाला तर शहराचं पाणी समुद्रात जायला वाट उरत नाही. अष्टमीच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य काटकोनात असतात, तेव्हा भरती बेताची. तिला भांगाची भरती म्हणतात. ‘तरुणांच्या उत्साहाला उधाण आलं’ असं बातमीत आपण सहज वाचून जातो. पण हा शब्द ज्यांनी दिला, त्यांना उधाण उतरतं हेही ठाऊक होतं, आणि पंधरा दिवसांनी ते पुन्हा येतं हेही.

उत्साह अंगात शिरतो म्हणजे काय, हे डोळ्यांनी पाहायचं तर पालखीचं रिंगण पाहावं. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण तरडगावाजवळ चांदोबाचा लिंब इथे होतं. दिंड्या दोन बाजूंना उभ्या, मधून वाट मोकळी, टाळांचा ठेका वाढत चाललेला. अश्व धावत निघतो आणि तो पुढे गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. दिवसभर चालून पाय दुखत असलेली, सत्तरी ओलांडलेली माणसं मग फुगड्या घालतात, उड्या मारतात. या दृश्याला वार्ताहर ‘चैतन्य संचारलं’ असंच लिहितात, ‘जोश संचारला’ असं लिहीत नाहीत. त्यांचा कान बरोबर आहे. ढोल-ताशाच्या पथकाला जोश शोभतो, वारीला चैतन्य.

आता काही शब्द मात्र पातळ होत चालले आहेत. आजारातून उठलेली आजी म्हणायची, ‘आज जरा हुशारी वाटतेय.’ इथे हुशारीचा परीक्षेतल्या गुणांशी संबंध नाही. अंगात त्राण आलं, लक्ष लागू लागलं, एवढंच. चहानं येते ती तरतरी. पाणी मिळालेलं रोप तरारतं. ‘अवसान’ तर अद्भुतच: देहावसान म्हणजे शेवट, आणि ‘अवसान आणून उभा राहिला’ म्हणजे उसनं बळ गोळा केलं. ते बळ गेलं की अवसान गळतं. खचते ती उमेद, ओसरतो तो जोर. प्रत्येकाची उतरण्याचीही रीत ठरलेली.

या सगळ्यांच्या जागी सध्या एकच ‘एनर्जी’ येऊन बसली आहे. मूल एनर्जेटिक, भाषण एनर्जेटिक, चहाही एनर्जी देणारा. शब्द परका आहे ही माझी तक्रार नाही. जोश आणि उमेदही परकेच होते. तक्रार ही की तो काहीच वेगळं करून सांगत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणाचं कौतुक कराल, तेव्हा एनर्जी म्हणण्याआधी क्षणभर थांबा आणि ठरवा: हा हुरूप आहे, तडफ आहे, की उमेद? आणि घरात जुनं माणूस असेल, तर तुमच्या भागात यासाठी आणखी कोणते शब्द आहेत ते त्यांना विचारून वहीत उतरवून ठेवा.