झाड पाडण्याआधी

उज्जैनच्या रामघाटावर गर्दी आवरण्यासाठी बांधलेल्या लाकडी बल्ल्या पाहिल्या आणि मला माझी उमेदवारी आठवली. अशाच बल्ल्या तोडत मी आलापल्लीच्या जंगलात हे काम शिकलो. ठेकेदारांकडून होणारी आदिवासी मजुरांची पिळवणूक थांबावी म्हणून मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या; तरी जिवाची जोखीम ज्याची त्यालाच सांभाळावी लागते.

प्रथम झाडाचा कल, वारा व वाळक्या फांद्या पाहाव्यात. ज्या बाजूस झाड पाडायचे त्या बाजूने खोडाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी खाच घ्यावी. मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या किंचित वर, करवत चालवावी. मधली पट्टी मात्र कापू नये. तीच बिजागरीसारखी झाडाला वळवते. ती तुटली की झाड कुठेही पडते.

बुंधा मागे उसळतो, म्हणून पळायची वाट तिरकी मागे असावी व आधीच साफ करावी. एकदा मी आळस केला. वेलीत पाय अडकला आणि झाड हातभर अंतरावर कोसळले. तेव्हापासून माझी कुऱ्हाड आधी वाटेवरच्या झुडपांवर चालते, मग झाडावर.