गुलमर्गला हिवाळा मिळाला तो असा

मराठी पर्यटकांचं गुलमर्ग खालीच, टंगमर्गला सुरू होतं. भाड्याचा जाडजूड ओव्हरकोट, कुणाकुणाच्या पायांत जाऊन आलेले गमबूट आणि दोन्हींच्या भावावरून घासाघीस. वर स्लेजवाला दोरी ओढतो, आपण बसल्या जागी किंचाळतो. मुळात हे उन्हाळ्याचं ठिकाण, हे तेव्हा सांगून पटत नाही.

सोळाव्या शतकात सुलतान युसूफ शाह चकने गौरीमर्गचं गुलमर्ग केलं, असं सांगतात. जहांगीर इथल्या रानफुलांवर लुब्ध होता. इंग्रज आले तेही मैदानी उकाड्याला कंटाळून. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या या कुरणात त्यांनी गोल्फ मांडलं. हिवाळ्याकडे लक्ष गेलं ते १९२७ साली, हॅडो आणि इंगल या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला तेव्हा. वर नेणारे पाळणे नव्हतेच. दमछाक करत चढायचं आणि मिनिटांत खाली यायचं!

स्वातंत्र्यानंतर लष्कराने इथे बर्फातल्या युद्धाचं प्रशिक्षण सुरू केलं. पुढे रुडॉल्फ मॅट या ऑस्ट्रियन स्कीपटूने या उतारांना पसंती दिली आणि १९६८ मध्ये सरकारी स्की संस्था उभी राहिली.

पण गुलमर्गची खरी कहाणी गोंडोलाच्या, म्हणजे इथल्या रोपवेच्या, रखडण्यात आहे. फ्रेंच कंपनीच्या मदतीने १९८०च्या दशकाअखेर काम निघालं, तोच काश्मीर पेटलं. खांब तसेच राहिले. कोंगदूरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तर अफरवत डोंगरावर सुमारे ३,९८० मीटरपर्यंत नेणारा दुसरा २००५ मध्ये. मग परदेशी स्कीपटूंची रीघ लागली. त्यांना आखीव उतार नकोच असतात. हवा असतो मोकळा डोंगर आणि त्यावरचा पिठासारखा भुसभुशीत बर्फ. हिमस्खलनाचा धोका अर्थात तिथेच जास्त.

या साऱ्यात स्थानिक माणूस बराच काळ वाटाड्या आणि सामान भाड्याने देणारा. तशाच एका घरातला आरिफ खान चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला आणि २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता.

आता घोर आहे तो बर्फाचाच. जानेवारी २०२४ मध्ये ऐन हंगामात उतार तपकिरी पडले होते. पुढच्या वर्षी इथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या.