खो मिळाला की उठायचं

आमच्या बचत गटांचं कार्यालय पुण्याच्या शनिवार पेठेत आहे. तिथून नदी ओलांडली की डेक्कन जिमखाना. या संस्थेने 1914 साली खो-खोचे नियम ठरवले. आपण शाळेच्या पटांगणात फ्रॉक खोचून खेळलो, तोच हा खेळ.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या महिला संघाची कर्णधार होती प्रियांका इंगळे, पुण्यात खेळून मोठी झालेली. अश्विनी शिंदे आणि रेश्मा राठोड याही महाराष्ट्राच्याच. पहिल्या सामन्यात आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला 175-18 असं हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशाला 109-16, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेला 66-16. एकही सामना न गमावता संघ अंतिम फेरीत गेला.

19 जानेवारीला समोर नेपाळ. आपण आधी पाठलाग केला आणि 34 गुण मिळवले. मग नेपाळच्या मुलींची पाळी आली. मध्यंतराला 35-24, म्हणजे फरक अकराचाच. तिसऱ्या डावात मात्र आपल्या मुलींनी गुणसंख्या 73 वर नेली. शेवटच्या डावात पळण्याची पाळी आपली. तेव्हा चैत्रा या खेळाडूच्या तुकडीने पाच मिनिटांहून जास्त वेळ हुलकावण्या दिल्या. न सापडता इतकं पळलं की पळणाऱ्यांनाही गुण मिळतात. आपण 78-40 ने जिंकलो.

आता बघा, पाठलाग करणारी मुलगी चपळ असते, पण एकटी काही करू शकत नाही. तिला मागे वळता येत नाही. पळणारी पलीकडे गेली की बसलेल्या मैत्रिणीला खो द्यावा लागतो. बसलेलीचं लक्ष नसेल तर गडी निसटलाच. म्हणून बसलेलीसुद्धा खेळतच असते.

हे सांगायचं कारण आहे. मुळशी तालुक्यातल्या एका गटात आमची बैठक होती. एक ताई म्हणाली, "पोरगी नववीत आहे, खो-खो छान खेळते. पण सरावाहून यायला अंधार पडतो. लोक बोलतात. पुढच्या महिन्यापासून बंद करणार." पोरगी दाराशी उभी राहून ऐकत होती. काही बोलली नाही.

मग एक आजी म्हणाल्या, "अगं, अंधाराची भीती ना? मग अंधाराचं बघू. खेळ कशाला बंद?" त्याच बैठकीत पाळ्या ठरल्या. रोज दोघीजणी बॅटरी घेऊन पटांगणावर जातात आणि सगळ्या मुलींना घरी सोडतात. गटाच्या वहीत कर्जाच्या हप्त्यांखाली आता या पाळ्यांची यादी असते. आधी चार मुली येत होत्या, आता अकरा येतात.

प्रत्येक मुलगी विश्वचषकाला जाणार नाही, हे मलाही कळतं. पण वयात आली म्हणून तिचं पळणं थांबू नये. तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावातल्या किती मुलींनी यंदा खेळ सोडला, आणि कशामुळे? कारण कळलं की वाटही निघते.

आपण बसलेल्या असू, पण खेळाबाहेर नाही. खो मिळाला की उठायचं.