नायट्रो दाबला... आणि पुढे वळण आलं!

मोबाइलवर ‘अ‍ॅस्फाल्ट’ खेळणारे सगळेच एक गोष्ट करतात. वळणावर गाडी मुद्दाम घसरवायची, मस्त ड्रिफ्ट मारायचा, समोरच्या गाडीला खेटून जायचं आणि नायट्रोची पट्टी भरली रे भरली की सरळ रस्त्यावर दाबायचं. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ने तर अख्ख्या पिढीला त्या निळ्या बाटलीचं वेड लावलं. पण यात एक मेख आहे. गेममध्ये बाटली आपोआप भरते, खऱ्या गाडीत ती फक्त रिकामी होते. फरक एवढासाच, पण रेसिंगमध्ये तोच भारी पडतो. ड्रॅग रेसमध्ये राजा असलेला नायट्रस वळणावळणांच्या सर्किटवर गेला की अडचणीत का येतो, ते बघूया. मेकॅनिकलवाल्यांची थर्मोडायनॅमिक्सची थोडी उजळणी होईल आणि बाकीच्यांना कट्ट्यावर वाद घालायला मुद्दे मिळतील.

हसवतो तोच पळवतो

नायट्रस ऑक्साइड म्हणजे तोच ‘लाफिंग गॅस’. जोसेफ प्रिस्टलीने तो १७७२ मध्ये तयार केला आणि पुढे डेंटिस्ट लोकांनी भूल द्यायला वापरला. गाडीच्या बाबतीत मोठा गैरसमज असा की हा गॅस इंजिनात जळतो. तो जळत नाही. तो फक्त ऑक्सिजन घेऊन येतो.

इंजिनला जास्त ताकद हवी असेल तर जास्त पेट्रोल जाळावं लागतं आणि त्यासाठी जास्त ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने साधारण २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. सिलिंडरच्या आत तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं की नायट्रसचे तुकडे होतात आणि ऑक्सिजन मोकळा होतो. दुसरा फायदा थंडाव्याचा. बाटलीत दाबाखाली द्रवरूपात असलेला नायट्रस बाहेर येताच उकळतो, कारण त्याचा उत्कलनबिंदू उणे ८८ अंश आहे. त्यामुळे इंजिनात जाणारी हवा गार आणि दाट होते. दाट हवा म्हणजे आणखी ऑक्सिजन. ही युक्ती दुसऱ्या महायुद्धातच जर्मन हवाई दलाने वापरली होती. विरळ हवेत उंच उडणाऱ्या त्यांच्या विमानांमध्ये ‘जीएम-१’ नावाची नायट्रस सिस्टिम असायची.

अट एकच. ऑक्सिजन वाढवला की पेट्रोलही त्याच प्रमाणात वाढवायचं. ‘वेट’ सिस्टिममध्ये नायट्रससोबत वेगळ्या नळीने पेट्रोल सोडतात. ‘ड्राय’ सिस्टिममध्ये नुसता नायट्रस जातो आणि जादा पेट्रोल गाडीचे स्वतःचे इंजेक्टर देतात. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण ‘लीन’ होतं, तापमान भडकतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला चक्क भोक पडू शकतं.

सरळ रस्त्यावर सोपं गणित

ड्रॅग रेस म्हणजे पाव मैल, ४०२ मीटर. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा रेस झाल्या आहेत. गाडी दहा-पंधरा सेकंद सुसाट पळते आणि विषय संपतो. मग पिटमध्ये परत या, इंजिन गार होऊ द्या, बाटली पुन्हा हव्या त्या तापमानाला आणा. नायट्रसला असलंच काम आवडतं. थोडा वेळ, सरळ रेषा, नंतर आराम.

‘थोड्या वेळाचा’ मोह मोठमोठ्यांनाही पडलाय. अमेरिकेत १९७६ च्या डेटोना ५०० रेसच्या क्वालिफाइंगमध्ये ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप या दोन दिग्गजांचे टाइम रद्द झाले. कारण होतं नायट्रस. बघा, प्रकार घडला तो क्वालिफाइंगमध्ये. तिथे एक-दोन लॅपमध्ये जीव तोडून पळायचं असतं. ५०० मैलांच्या रेसला असली बाटली पुरणार किती?

आता हिशेब मांडूया

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट घ्या. एक लॅप ५.१२५ किलोमीटरचा, मागच्या बाजूला एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. समजा आपल्या गाडीत दहा पाउंडांची, म्हणजे साडेचार किलो नायट्रसची बाटली आहे आणि आपण १०० हॉर्सपॉवरचा ‘शॉट’ लावलाय. असा शॉट दर दहा सेकंदांना साधारण ४०० ते ५०० ग्रॅम नायट्रस पितो. म्हणजे सगळी बाटली दीड-पावणेदोन मिनिटांत साफ.

लांब पट्ट्यावर दहा सेकंद आणि स्टार्ट-फिनिशच्या पट्ट्यावर पाच सेकंद बटण दाबलं, तर एका लॅपला पंधरा सेकंद झाले. सहा-सात लॅप आणि खेळ खल्लास. याच ट्रॅकवर फॉर्म्युला वनची रेस ६० लॅपची होती. उरलेल्या लॅपमध्ये ती रिकामी बाटली नुसतं ओझं म्हणून सोबत फिरणार.

बाटलीचे नखरे

बरं, ते सहा-सात लॅप तरी सुखाचे जातात का? तिथेही भानगडी आहेत.

पहिली भानगड दाबाची. हॉटेलात मोठ्या शेगडीवर जोरात गॅस चालू असला की सिलिंडरला बाहेरून पाणी सुटतं, ते पाहिलं असेल. आतला द्रव उकळताना स्वतःचीच उष्णता खातो आणि सिलिंडर गार पडतो. नायट्रसचंही तेच होतं. २० अंशांना बाटलीत सुमारे ५० बार दाब असतो, ० अंशाला तो ३१ वर येतो. दर लॅपला बटण दाबत राहिलं की बाटली गार होत जाते आणि नायट्रस कमी यायला लागतो. वेट सिस्टिममध्ये पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं, म्हणजे मिश्रण बिघडलं. उलट उन्हात तापलेल्या डिकीत बाटली ठेवली तर दाब वाढतो, नायट्रस जास्त येतो आणि मघाचं ते लीन मिश्रण तयार होतं. ड्रायव्हरच्या दृष्टीने वाईट काय, तर प्रत्येक लॅपला इंजिनची ताकद वेगळी. मग ब्रेक कुठे मारायचा, याचा अंदाज बसणार कसा?

दुसरी भानगड हिंदकळण्याची. बाटलीतून द्रव उचलायला आत एक नळी असते. ड्रॅगमध्ये गाडी फक्त पुढे झेपावते, त्यामुळे द्रव मागे जातो आणि नळीचं टोक तिथेच ठेवता येतं. सर्किटवर तोच द्रव ब्रेकिंगला पुढे, उजव्या वळणाला डावीकडे, डाव्या वळणाला उजवीकडे. बाटली अर्धी झाली की ऐन वेळी नळीत द्रवाऐवजी नुसता वायू शिरू शकतो.

तिसरी भानगड सगळ्यात खतरनाक. साध्या सिस्टिममध्ये नायट्रसचा प्रवाह इंजिनच्या आरपीएमवर अवलंबून नसतो. दर सेकंदाला ठरलेला माल येतोच. त्यामुळे ६,००० आरपीएमला एका स्ट्रोकला जेवढा नायट्रस मिळतो, त्याच्या दुप्पट ३,००० ला मिळतो. वळणातून बाहेर पडताना, आरपीएम कमी आणि स्टिअरिंग अजून वळलेलं असताना बटण दाबलं तर टॉर्कचा असा दणका बसतो की टायरची पकड सुटते. गाडी ट्रॅकबाहेर, नाहीतर इंजिन बाहेर! म्हणूनच थ्रॉटल पूर्ण दाबलेला असेल आणि आरपीएम ठरावीक आकड्याच्या वर असेल, तरच सिस्टिम चालू होईल असे स्विच लावतात.

मिळालं किती, उधळलं किती

समजा हे सगळं जमलं. नायट्रसमुळे पट्ट्याच्या शेवटी १८० ऐवजी २०० चा वेग मिळाला. आता पुढच्या वळणासाठी ८० वर यायचंय. वेग वाढला ११ टक्के, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ब्रेकवरचं काम वाढलं जवळपास ३० टक्के. साध्या गाडीचे ब्रेक तीन-चार लॅप हे सहन करतील आणि मग पेडल स्पंजसारखं लागायला लागेल.

आणखी एक आकडा. हजार किलोची गाडी २०० वरून ८० वर आणताना जवळपास १,३०० किलोज्यूल ऊर्जा काढून टाकावी लागते. यातला थोडा वाटा हवेचा अडथळा उचलतो, बाकी सगळं ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातं. आणि १०० हॉर्सपॉवरचा शॉट दहा सेकंदांत देतो किती? सुमारे ७५० किलोज्यूल. म्हणजे बाटलीने जेवढं दिलं, त्याहून जास्त आपण एका वळणावर उधळून टाकलं.

रेसिंगच्या इंजिनीअरांनी नेमकी हीच उधळपट्टी पकडली. फॉर्म्युला वनमध्ये नायट्रसला जागाच नाही, तिथे इंधनासोबत बाहेरची हवा सोडून दुसरं काही घालता येत नाही. पण २००९ मध्ये ‘कर्स’ आलं. ब्रेकिंगची ऊर्जा साठवायची आणि सरळ पट्ट्यावर परत वापरायची. एका लॅपला ४०० किलोज्यूल, ६० किलोवॅटच्या हिशेबाने साधारण साडेसहा सेकंद. त्याच वर्षी लुईस हॅमिल्टनने हंगेरीत कर्सच्या गाडीने पहिली रेस जिंकली. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन रेस झाल्या, तेव्हा आघाडीच्या गाड्यांत हेच बटण होतं. २०१४ पासून ही ताकद १२० किलोवॅट झाली, २०२६ च्या नियमांत ३५०. गेममधली ती आपोआप भरणारी पट्टी, ती ही.

आपल्या कॉलेजच्या गाडीचं काय?

दरवर्षी पुण्या-मुंबईच्या कॉलेजांच्या टीम्स रात्र रात्र वर्कशॉपमध्ये काढून ‘फॉर्म्युला भारत’साठी गाडी बनवतात आणि कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर नेतात. या फॉर्म्युला स्टुडंट प्रकारात इंजिनच्या आत इंधन आणि हवा सोडून काहीही घालायला बंदी आहे. वर हवाही २० मिलिमीटरच्या भोकातूनच घ्यायची. नियम जाचक वाटतो, पण तो शिकवतो जबरदस्त. ताकद अशी बांधली की लक्ष वजन, सस्पेन्शन, टायर, ब्रेक आणि ड्रायव्हरकडे जातं. ७५ मीटरच्या अ‍ॅक्सिलरेशनपेक्षा साधारण २२ किलोमीटरच्या एंड्युरन्सला कितीतरी जास्त गुण असतात आणि दरवर्षी अनेक गाड्या तिथेच बंद पडतात.

राहता राहिला रस्ता. ऑनलाइन किट मागवून आपल्या गाडीत बसवायचा किडा डोक्यात असेल तर एवढं लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत असले बदल करू देत नाही आणि कलम १८९ रस्त्यावरच्या रेसिंगला शिक्षा देतं. कायदा बाजूला ठेवला तरी डिकीत ५०-६० बार दाबाची बाटली, समोर रिक्षा, स्पीडब्रेकर आणि रस्ता ओलांडणारं कुणीतरी. गाडीसाठीच्या नायट्रसमध्ये हुंगू नये म्हणून सल्फर डायऑक्साइडही मिसळलेला असतो, तेव्हा ‘लाफिंग’चा प्रयोग तर नकोच.

सर्किटवर जायची खुमखुमी असेल तर पहिला खर्च चांगल्या टायरवर करा, दुसरा ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइलवर, तिसरा ट्रॅकवरच्या ट्रेनिंगवर. लॅपमधले सेकंद वळणांत लपलेले असतात आणि तिथे कुठलीही बाटली तुमच्या वतीने स्टिअरिंग फिरवत नाही.