मोबाईल काढून घेण्याआधी मुलांचं ऐकून घ्या

आपल्याकडे बऱ्याच घरांत मोबाईल एकच असतो आणि तो अब्बांचा असतो. त्यावरच मुलीचा दहावीचा क्लास, त्यावरच शिष्यवृत्तीचा फॉर्म, त्यावरच धाकट्याचा गेम आणि त्यावरच दुकानाच्या गिऱ्हाइकांचे पैसे. इंटरनेट सुरक्षेवरचे लेख मात्र प्रत्येकाकडे स्वतःचा फोन आहे असं धरून लिहिलेले असतात. त्यामुळे ते वाचून आपल्या घरात काही बदलत नाही.

एका फोनवर चार जणांचा हात असेल तर पहिला धोका पैशांचा. पैशांच्या ॲपला वेगळं लॉक लावा, ते फोनच्या लॉकपेक्षा निराळं ठेवा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती चालू करा. मुलांना एक गोष्ट पाठ करून द्या, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. 'अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप' असले मेसेज आले की मुलं हौसेनं आधार नंबर भरतात, ओटीपीही सांगून टाकतात. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर फुकट भरता येतो, त्यासाठी कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही. एवढं करूनही पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येतात, म्हणून तिथं मिनिटांना किंमत आहे.

पैसे गेले तर घरात ओरडा बसतो आणि प्रकरण संपतं. फोटोच्या धमकीचं तसं नाही.

पद्धत साधारण ठरलेली असते. अनोळखी खात्यावरून रिक्वेस्ट येते, चार दिवस गोड बोलणं होतं, मग व्हिडिओ कॉल. तिकडे स्क्रीन रेकॉर्ड होत असते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या मित्रांच्या आणि नातेवाइकांच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो, 'पैसे पाठव, नाहीतर हे सगळ्यांना जाईल.' यात मुलगेही सापडतात. त्यांना तर सांगायची जास्तच लाज वाटते. आणि आता मुलीनं काही पाठवलेलं असायलाही हवं असं नाही. डीपीवरचा साधा, अगदी हिजाबमधला चेहरा घेऊन बनावट नग्न फोटो तयार करणारी साधनं सहज मिळतात. तेव्हा 'तू फोटो दिलासच कशाला?' हा आपला नेहमीचा प्रश्न कामाचा राहिलेला नाही.

अशा वेळी मूल मनात एक हिशोब मांडतं. सांगितलं तर फोन जाईल. मुलगी असेल तर फोनबरोबर क्लास जाईल, कदाचित शाळा जाईल, घरात लग्नाचा विषय निघेल. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. धमकी देणारा नेमका याच हिशोबावर जगतो. त्याचं खरं हत्यार फोटो नसतो, आपल्या घरातली भीती असते. म्हणून वेळ यायच्या आधीच, जेवताना वगैरे, मुलांना स्पष्ट शब्द द्या, 'काहीही झालं तरी आधी मला सांग, तुझी शाळा बंद होणार नाही.' आणि तो पाळा. बदनामीच्या भीतीनं मुलीचं शिक्षण थांबवणं याला सुरक्षा म्हणता येणार नाही. त्यात शिक्षा तिला होते आणि गुन्हेगार पुढचं खातं उघडतो.

मूल येऊन बोललं की पैसे पाठवायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. घाबरून चॅट पुसून टाकायचं नाही. धमकीचे मेसेज, खात्याचं नाव आणि लिंक, पैशांसाठी दिलेला नंबर यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. तो फोटो मात्र 'पुरावा' म्हणून मामांना, चाचांना पाठवत बसू नका. अठरा वर्षांखालच्या मुलाचं अश्लील चित्र पुढं पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्यांदाच दोषी ठरलं तरी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते न पुसता, न कळवता फोनमध्ये बाळगणंही महागात पडू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. वर्गाच्या ग्रुपवर 'बघ बघ' म्हणून ढकलणाऱ्या मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

'टेक इट डाउन' नावाची एक मोफत सेवाही आहे. तिथं फोटो अपलोड करावा लागत नाही. फोटोचा एक सांकेतिक ठसा आपल्याच फोनवर तयार होतो आणि तेवढाच कंपन्यांकडे जातो. इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढू शकतात.

पोलीस ठाण्याचं नाव काढलं की आपल्याकडे घर गप्प होतं. त्यामागची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, पण पोक्सो कायद्यातलं कलम २४ एकदा वाचायला हवं. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं घ्यायचा, त्या वेळी गणवेश घालायचा नाही आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. कलम २३ प्रमाणे त्याचं नाव, फोटो, शाळा माध्यमांत उघड करता येत नाही. हे हक्क आहेत, मागून घ्यायचे. नाव न सांगता तक्रार करायची असेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला आणि मुलांच्या प्रकरणांसाठी तशी सोय आहे. मूल स्वतः १०९८ वर फोन करू शकतं.

आता दुसरी बाजू. आपली मुलं नेहमी बळीच असतात असं नाही. १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो 'लिलावा'ला लावले गेले. समाजाला ती जखम आठवते. त्यात अटक झालेल्यांत अठरा ते एकवीस वयाची शिकणारी मुलं होती. पण तसाच लहान नमुना आपल्याही वर्गांत दिसतो. मुलीचा फोटो चोरून काढणं, तिच्या नावानं खातं उघडणं, मुलींना 'मार्क' देणारा ग्रुप चालवणं. करणारा त्याला मस्करी म्हणतो. कायद्यात त्याला खासगीपणाचा भंग आणि ओळखचोरी म्हणतात.

स्टेटसचंही तसंच. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, शहराचं इंटरनेट थांबवावं लागलं. ते स्टेटस कसं होतं, त्यावरची प्रतिक्रिया किती रास्त होती, हा वाद वेगळा. आई-वडिलांनी मुलाला सांगायचं ते एवढंच, की तुझं स्टेटस तुझ्या मित्रांपुरतं राहत नाही. स्क्रीनशॉट निघतो, गावभर फिरतो आणि पंधराव्या वर्षी राग आला म्हणून टाकलेली ओळ पूर्ण मोहल्ल्याला भोगावी लागते. ग्रुप ॲडमिनबद्दल मात्र उगाच भीती पसरली आहे. दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हा लागत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं आहे. ॲडमिनचा त्यात हात असेल तर गोष्ट वेगळी.

शाळांनीही थोडं बघावं. स्नेहसंमेलनाचे मुलींचे फोटो न विचारता फेसबुकवर नावासकट टाकणाऱ्या शाळा काही कमी नाहीत. लैंगिक छळाचा प्रकार कानावर आला की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पोक्सोप्रमाणे बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव खराब होईल' म्हणून मिटवून टाकणाऱ्या प्रमुखावर गुन्हा दाखल होऊ शकतो. पुढच्या पालक सभेत मुख्याध्यापकांना दोनच गोष्टी विचारा, अशी तक्रार आली तर मुलीनं कोणत्या बाईंकडे जायचं आणि १०९८ हा नंबर मुलांना दिसेल अशा कोणत्या भिंतीवर लिहिला आहे.